बिब्बा उतला नाही

हे मी सांगायला नको होतं. "घरातली गोष्ट बाहेर जाऊ द्याची नाही," असं रुख्मिणीबाईंनी सगळ्यांना बजावलं, तेव्हा मी त्यांच्याच चिमटीत होते. पण या माणसांचं शहाणपण पाहून माझ्याच्याने गप्प बसवत नाही.

मी एक जाड सुई. सावनेरच्या बाजारातून पोती शिवायला आणलेली. पोती राहिली बाजूला. रुख्मिणीबाईंच्या नणंदेने, बायजाबाईंनी, मला बिब्ब्याच्या कामाला लावलं. काळा बिब्बा माझ्या टोकाला खोचायचा, दिव्यावर धरायचा, तेल सुटलं की दुखऱ्या जागी चटका द्यायचा. भेग असो, भोवरी म्हणजे कुरूप असो, औषध एकच. आणि तोरा असा, की मोठ्या डॉक्टरनेही लाजावं.

आणीबाणी उठली त्या वर्षी बायजाबाईंच्या धाकट्या भावाच्या, म्हणजे रुख्मिणीबाईंचे यजमान मारोतराव यांच्या, पायाच्या तळव्यावर काळा डाग आला. बायजाबाईंनी लगेच निकाल दिला, "भोवरी हाय." डाग पसरला, तरी भोवरीच.

मारोतरावांना बिब्बा कधीच सोसला नाही. लावला की उतायचा. पाऊल भोपळ्यासारखं सुजायचं, फोड यायचे, खाज सुटायची. "बाई, तुह्या दवाईपेक्षा रोग बरा वं!" असं ओरडायचे, आणि पुढच्या वेळी निमूट पाय पुढे करायचे.

मग डाग फुटला, जांघेत गाठ आली, माणूस वाळला. रुख्मिणीबाई धंतोलीच्या दवाखान्यात जाऊ म्हणाल्या. "पहिले एक डाव बिब्बा लावतो," बायजाबाई अडून बसल्या. लावला. दिवस गेले; सूज नाही, फोड नाही, खाजही नाही.

"पाह्य गा मारोत! उतला नाही! रोग हटला!"

घरात शिरा झाला, गावभर वाटला. दवाखाना रद्द. गाठ मात्र शिऱ्याची वाट न पाहता वाढत होती.

शेवटी पाऊल टेकवेना, तेव्हा सगळे धंतोलीला गेले. पिशवीत मी आणि बिब्बेही होतो. न जाणो, डॉक्टरांचं काही अडलं तर!

डॉक्टरांनी तळवा पाहिला, गाठ चाचपली. बायजाबाईंनी मिरवलं, "पहिले बिब्बा उतायचा, आता उतत नाही."

डॉक्टरांचा हात थांबला. "आई, फोड का यायचे? अंगातले पहारेकरी बिब्ब्यावर धावून जायचे म्हणून. हा कातडीचा कॅन्सर आहे. तो इतका पसरलाय की पहारेकरीच ढेपाळलेत. ते आता बिब्ब्यावरही उठत नाहीत आणि रोगावरही नाहीत."

खात्रीसाठी त्यांनी दंडावर बारीकशी सुई टोचून औषधाचा थेंब सोडला. दोन दिवसांनी पाहिलं, तर तिथेही काही उठलं नाही. "लगेच भरती करा. गाठ काढू. पण शब्द देत नाही," ते म्हणाले.

घरी येताच तोंडं बंद. शिरा गावभर वाटलेला चालतो, रोगाचं नाव मात्र शेजारी कळायला नको!

उद्या भरती. आणि आज बायजाबाई पुन्हा दिवा लावून बसल्या आहेत. "जाण्याच्या पहिले एक डाव लावून पाहतो. अंगानं आता बिब्बा मानला हाय." मारोतरावांनी सवयीने पाय पुढे केलासुद्धा!

तुम्ही तरी ऐका. अंग गप्प झालं म्हणजे रोग गेला, असं समजून बसू नका. उलट तेव्हाच तर धावत दवाखान्यात— थांबा, रुख्मिणीबाई आल्या!

"बाई, ठेवा तो बिब्बा! सुई इकडं द्या, दवाखान्यात न्याच्या गोधडीले टाके घालाचे हायेत. आन् तुम्ही, पाय मांगं घ्या जी!"