नेतीच्या लोट्याचं मोल

सन १९६७. फाल्गुन सरत आला होता. कनौजमध्ये गुलाबाची पहिली गाडी यायला आठ दिवस उरले होते, तेव्हा मी जन्मलो. मी नेतीचा, म्हणजे मिठाच्या पाण्याने नाक धुण्याचा लोटा. बाहेरून तांबं, आतून कल्हई, पोटातून निघालेली लांब चोच. आज अंगावर पोचे आहेत, पण धार अजून तुटत नाही.

छेदी तांबटाने मला घडवलं ते इंदलसाठी. इंदल अत्तराच्या भट्टीवरचा कारागीर. डेगेत, म्हणजे तांब्याच्या मोठ्या हंड्यात, फुलं शिजतात, त्यांची वाफ नळीवाटे भपक्याच्या सुरईत उतरते. ती कधी थांबवायची, हे घड्याळ सांगत नाही, नाक सांगतं. थंडीत इंदलला सर्दी झाली. सर्दी गेली आणि वासही घेऊन गेली.

मालकाने बजावलं होतं, "पहिल्या गाडीपर्यंत थांबतो. नाहीतर डेग दुसऱ्या कारागिराच्या, बिसरामच्या हाती."

"किती द्यायचे, दादा?" इंदलने छेदीला विचारलं.

"पैसे नकोत. पहिला वास कशाचा आला, ते मला येऊन सांग. माझं नाक भट्टीच्या धुराने वीस वर्षांपूर्वीच मेलं."

"आणि तुझ्या घामाचा आला तर?"

"तर खोटं सांग."

पहिल्याच दिवशी इंदलने माझ्यात गुलाबजल भरलं. फुलाचं पाणी घरात असताना मीठ कशाला? अशी चूक अत्तरवाल्यालाच सुचते. नाकात आग पडली. तो अंगणभर नाचला.

"जगाला सुगंध विकता आणि स्वतःच्या नाकाची अक्कल नाही!" त्याची बायको शिवकली म्हणाली. "छेदीभाऊजींनी मीठ सांगितलं होतं ना?"

तिने पाणी उकळलं, कोमट होऊ दिलं, मीठ विरघळवलं. बोट बुडवून चाखलं. "डोळ्यांतल्या पाण्याइतकं खारट. बस."

दुसऱ्या सकाळी इंदल वाकला, मान कलती केली, तोंड उघडं ठेवलं. माझी चोच उजव्या नाकपुडीला लागली.

पुढे मी पुष्कळ पाणी ओतलं, पण ती पहिली धार विसरलो नाही. पाणी माणसाच्या डोक्यातल्या अंधारात शिरलं आणि डाव्या नाकपुडीतून बाहेर आलं. शांतपणे, वाट ठाऊक असल्यासारखं. ही वाट खोदली कुणी? मला ठोकणाऱ्याचा हात मी ओळखतो. त्या कारागिरापुढे मात्र माझी मान खाली गेली.

सहा दिवस वाट नुसतीच वाहिली. वास आला नाही. इंदल जेवेनासा झाला.

आठव्या सकाळी गल्लीत गाड्या लागल्या. इंदलने नेती उरकली, नाक हलकेच शिंकरलं, मला धुतलं आणि थबकला. ओला तळहात नाकाशी नेला. पुन्हा नेला. मग मला घेऊन निघाला.

"इंदल, डेग भरायची आहे!" दारातून मालक ओरडला. बिसराम बाह्या सरसावून उभा होता.

"आलोच, मालक. माझ्या डेगेला कुणी हात लावायचा नाही."

गुलाबांच्या ढिगाशेजारून तो गेला, थांबला नाही. थेट छेदीपुढे उभा राहिला.

"कशाचा?" छेदीने विचारलं.

"याचा. ओल्या तांब्याचा."

छेदीचा हातोडा खाली आला नाही. सारी हयात तांबं ठोकलेला माणूस हळू आवाजात म्हणाला, "कसा असतो रे? विसरलो मी."

इंदलने डोळे मिटले. "थंड. जिभेवर नाणं ठेवल्यासारखा. मागून थोडा रक्ताचा. आणि सगळ्यात शेवटी, दादा, तुझ्या दुकानाचा."

छेदीने मला दोन्ही हातांत धरलं. बराच वेळ धरलं. मग परत दिलं.

"फिटलं," तो म्हणाला.