तीन व्होल्ट

व्हर्नन गेल्यावर त्याच्या खोलीतले जुने वर्कस्टेशन कोणाच्याच कामाचे उरले नव्हते. तरीही त्याच्या बायकोने, कॉनीने, ते भंगारात न घालता रसेलच्या हवाली केले, ते केवळ एका ओळीसाठी.

"मशीन सुरू केलं की पडद्यावर माझ्यासाठी एक ओळ यायची," ती म्हणाली होती. "माझ्या दर वाढदिवसाला नवी. एका वर्षी लिहिलं होतं, 'कॉनी, हळू बोल, मशीन विचार करतंय.' शेवटच्या वाढदिवसाला आमचं वाजलं होतं. म्हणाला, जा, आत जाऊन वाच. मी म्हटलं, तोंड शिवलंय का तुझं? नाही गेले. मग हॉस्पिटल झालं, सगळंच झालं. नंतर बटण दाबलं तर मशीनही गेलेलं. तेवढी ओळ वाचायचीय, रसेल."

"मिळेल," रसेल ओडेगार्ड म्हणाला. तो सहसा असे आश्वासन देत नसे.

रसेल आणि व्हर्नन दोघेही कॅलिफोर्नियात, सनीव्हेलमधल्या एकाच कंपनीत अशीच यंत्रे दुरुस्त करत म्हातारे झाले होते. कंपनी बुडाली, यंत्रे मात्र या खोऱ्यातल्या गॅरेजांतून तग धरून राहिली. रसेलची कामाची पद्धत तंत्रनिकेतनात शिकल्यापासून बदललेली नव्हती. आधी माहिती वाचवायची, मग यंत्र. त्याने डिस्क काढली, दुसऱ्या मशीनला जोडली आणि तिची संपूर्ण नक्कल करून ठेवली. ओळ डिस्कवरच असणार, यात त्याला शंका नव्हती. युनिक्स प्रणालीवर स्वागताचा मजकूर एका ठराविक फाइलीत असतो, हे या धंद्यातले कोणीही झोपेत सांगेल.

मग त्याने वीजपुरवठ्याचा डबा उघडला. आतले वीज साठवणारे कपॅसिटर फुटून पाझरले होते. सडक्या मासळीसारखा वास आला. नवे टपालाने यायचे होते. तोवर हात रिकामे कशाला ठेवायचे, म्हणून त्याने मुख्य बोर्ड पुढे ओढला.

त्या बोर्डावर एक काळी चिप असते आणि तिच्या पोटातच बॅटरी बंद केलेली असते. यंत्राचा क्रमांक आणि सुरुवातीच्या काही सूचना ती चिप वीज नसतानाही जपून ठेवते. दहा-बारा वर्षांत बॅटरी संपते आणि यंत्राला स्वतःची ओळख राहत नाही. म्हणून दुरुस्ती करणाऱ्या मंडळींचा रिवाज ठरलेला: चिपचे कवच कानशीने घासायचे, जुन्या बॅटरीची जोडणी तोडायची आणि बाहेरून नवी बॅटरी डाख देऊन जोडायची. गेलेला क्रमांक पुन्हा भरता येतो. रसेलने त्याच कंपनीतल्या जुन्या सोबत्याला, मिल्टनला, फोन केला तेव्हा तो हसून म्हणाला, "घास बिनधास्त. मुडद्याची नाडी कशाला बघतोस?"

रसेलने घासले आणि जोडणी तोडली. मग, निव्वळ सवयीने, तुटलेल्या बाजूला मीटर लावला. काटा तीन व्होल्टवर गेला.

बॅटरी जिवंत होती, म्हणजे चिपमधली स्मृतीही कापेपर्यंत शाबूत होती. व्हर्ननने कधीतरी नवी चिप बसवली असणार, आणि वर जुनीच क्रमांकाची कागदी पट्टी नीट चिकटवली असणार, म्हणून ती जुनी वाटली. रसेलला थोडी चुटपुट लागली, पण एका क्रमांकापलीकडे काही गेले असेल, असे त्याच्या मनात आले नाही.

कपॅसिटर आले. यंत्र सुरू झाले, स्मृती कोरी असल्याची तक्रार त्याने केली. रसेलने क्रमांक भरला आणि ते चालू लागले. स्वागताच्या फाइलीत कारखान्यातून आलेला मजकूर तेवढा होता. त्याने सगळी डिस्क धुंडाळली. कॉनीचे नाव कुठेच नव्हते. शेवटी त्याने तिला फोन लावला.

"ओळ कधी दिसायची गं? नाव आणि पासवर्ड टाकल्यावर?"

"छे. बटण दाबल्या दाबल्या. पांढऱ्या पडद्यावर, कंपनीच्या चिन्हाशेजारी. त्याची ती डिस्क कुरकुरायच्याही आधी."

डिस्कच्या आधी बोलते ती फक्त चिप.

"रसेल? मिळाली का?"

"मी येतो तुझ्याकडे," तो म्हणाला.

निघण्यापूर्वी तो थोडा वेळ कळफलकासमोर बसला. व्हर्ननची बोलण्याची ढब त्याला पाठ होती. चिपमध्ये एक ओळ घालायला कितीसा वेळ लागतो? त्याने 'कॉनी' एवढे लिहिले. मग ते पुसले आणि यंत्र बंद केले.

स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून त्याने तिला सगळे क्रमाने सांगितले.

"पण तू तर सगळं मोजतोस," ती शेवटी म्हणाली.

"या वेळी कापल्यावर मोजलं."

"कापायच्या आधी मला एक फोन करायचा होतास. ओळ कुठे दिसते, एवढंच विचारायचं."

"हो."

"कॉफीत साखर किती हे मला अजून दर वेळी विचारतोस. आणि हे नाही विचारलंस."

त्याने विचारले, "मशीन परत आणून देऊ? आता चांगलं चालतंय."

"काय दाखवतं ते?"

"त्याचा क्रमांक. मी भरलेला."

"मग तुझ्याकडेच ठेव."

ती उठली आणि खिडकीशी पाठमोरी उभी राहिली. रसेल बसून राहिला. तिने त्याला जा म्हटले नव्हते; बस असेही म्हटले नव्हते.