धाकटीची गोळी

धाकट्या जावेचे गुडघे बरे झाले, हे मला आवडलं नाही. खोटं कशाला बोलू? दोन जिने चढून ती धापही न टाकता वर यायची आणि सासूबाई मला ऐकवायच्या, बघ कशी तरातरा चालते. गुडघे माझेही दुखत होते, तिच्याआधीपासून दुखत होते. पण माझ्या दुखण्याचं घरात कुणाला काही वाटेनासं झालं होतं.

ती जेवण झालं की एक छोटी गुलाबी गोळी घ्यायची. तिचं रिकामं पाकीट मी कचऱ्याच्या डब्यातून उचललं, पुसलं आणि थेट आमच्या डॉक्टरांकडे गेले. मला हीच हवी म्हणून सांगितलं.

डॉक्टरांनी मान हलवली. मी हृदयासाठी रक्त पातळ करणारी गोळी घेते, त्यावर ही घेतली तर पोटात रक्तस्राव होईल, असं समजावलं आणि मलम लिहायला घेतलं. तिला गोळी आणि मला मलम! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी खुर्चीवरून हलले नाही. बाहेर बाकावर माणसं खोळंबली होती, एकदोघं दारातून डोकावून गेली. कोपऱ्यावर नवीन दवाखाना उघडलाय, आमच्या घरच्यांना तोही जवळच पडेल, हेही मी बोलून घेतलं.

“तिला चालते ती मला का नाही?” मी विचारलं. “मी काय परकी आहे?”

त्यांनी सुस्कारा सोडला आणि लिहून दिली. पाचच दिवस घ्या, पोट दुखलं तर लगेच थांबवा, असं दोनदा बजावलं.

गुण आला. मी मुद्दाम सासूबाईंच्या देखत जिना चढले. पाच दिवस झाल्यावर औषधवाल्याकडून आणखी एक पाकीट आणलं. पोटात आग पडायची, पण धाकटी थांबली नव्हती, मग मी कशी थांबणार? शेवटी बाथरूममध्ये रक्ताची उलटी झाली आणि मी तिथेच कोसळले. दार तोडून मला बाहेर काढलं तेही धाकटीनेच.

आता मी हॉस्पिटलात पडले आहे, हाताला सलाईन आहे. अख्खा वॉर्ड धाकटीचं कौतुक करतो. मघाशी ती माझे केस विंचरून चहा प्यायला गेली, तेवढ्यात आमचे डॉक्टर आले. स्टूल ओढून बसले.

“चूक माझी आहे,” ते म्हणाले. “तुम्ही मागितलीत म्हणून लिहिली. मी नाही म्हणायला हवं होतं.”

असू द्या, असं काहीतरी मी म्हणायला हवं होतं. पण माझ्या डोक्यात भलतंच घोळत होतं.

“धाकटीनेही मागूनच घेतली होती का?”

“नाही. त्या तर नको म्हणत होत्या. मीच आग्रह केला.”

मी भिंतीकडे तोंड फिरवलं. मला रडू आलं, आणि ते पोटात दुखतंय म्हणून नव्हतं. डॉक्टर निघून गेल्यावर धाकटी आली. कपाळावर हात ठेवून विचारू लागली, ताई, काही हवंय का?

“नको,” मी म्हटलं.