बियाण्याच्या पोत्यावरची भुरी

मी एक म्हातारी मांजर आहे, आणि मित्रांनो, मला खरूज नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण आमच्या घरात माझी गोष्ट कोणीही सांगायला बसलं की खरजेपासूनच सुरुवात करतं. माझं नाव भुरी. वय तेरा वर्षं. पवनारच्या पुढे धाम नदीच्या काठी आमचं गाव आहे. तिथे पुंडलिकरावांच्या घरी मी राहते. मला आणलं तेव्हा माझे डोळे नुकतेच उघडले होते आणि त्यांची मुलगी कोकिळा आठ वर्षांची होती. कापसाचा बोळा दुधात भिजवून तिने मला वाढवलं.

माझं काम सरकी राखण्याचं. पहिल्या वेचणीतला चांगला कापूस वेगळा काढून त्याची सरकी पुंडलिकराव बियाण्यासाठी ठेवत. सहा पोती, आतल्या अंधाऱ्या खोलीत, भिंतीला लागून. एकदा रचलेलं बियाणं पेरणीपर्यंत हलवायचं नाही, हा त्यांचा नियम. हलवलं तर उगवण बिघडते, असं त्यांचे वडील सांगत. उंदरांना असा कोणताच नियम नव्हता, म्हणून माझं अंथरूण त्या पोत्यांवर असे. अकरा वर्षं एकाही पोत्याला भोक पडलं नाही. गावातली माणसं माझी पिल्लं आधीच सांगून ठेवत.

मग माझे गुडघे धरले. पूर्वी मी मान वळवून शेपटीच्या मुळापर्यंत सगळं अंग साफ करत असे. आता पाठ वळेना. जीभ पोहोचत नव्हती तिथे पिसवांनी घर केलं. त्या चावत पाठीवर आणि खाज सुटे सगळीकडे. मग पोहोचेल तिथे, म्हणजे पोटावर आणि मांड्यांच्या आत, मी दिवसभर चाटू लागले. मांजराची जीभ कानसीसारखी खरखरीत असते. तिने केस तुटतात. माझे केस गळत नव्हते, मीच ते तोडत होते. कोणी पोटावरून बोट फिरवलं असतं तर तुटक्या केसांची खुंटं हाताला लागली असती. बोट कोणी फिरवलं नाही.

उपाय मात्र सगळ्यांकडे होते. शेजारचे बंडूजी बैलांची औषधं करतात. त्यांनी करंजीच्या तेलात गंधक कालवून मला चोपडलं. पुंडलिकरावांच्या पत्नी भागीरथाबाईंनी जरा शंका काढली, तेव्हा ते म्हणाले, "बैलाले चालते ते मांजरीले काऊन नाई चालणार? लहानसा बैलच समजा तिले."

बैल अंगाला लावलेलं सगळं चाटून काढत नाही, मित्रांनो. मांजर काढते. ते तेल माझ्या पोटात गेलं आणि दोन दिवस मी ओकत होते. मग राख झाली. तीही चाटली. मग तंबाखूचं पाणी झालं. त्याने माझ्या तोंडाला फेस आला, आणि रोग बाहेर पडून राह्यला म्हणून बंडूजी खूश झाले. एवढं करून दर वेळी घरचे मला मायेने उचलायचे आणि पुन्हा त्याच पोत्यांवर नेऊन ठेवायचे.

छप्पन साली वैशाखात कोकिळा पहिल्या बाळंतपणासाठी आर्वीहून माहेरी आली. तिची बाज त्याच आतल्या खोलीत टाकली, कारण ती खोली उन्हात गार राही. तिसऱ्या दिवशी तिच्या घोट्यांवर लाल पुरळ उठलं. भागीरथाबाईंनी ते पाहिलं, माझं उघडं पोट पाहिलं, आणि त्यांचा हिशेब जुळला. बाळ यायच्या आत मांजर घराबाहेर गेली पाहिजे. कोकिळा नको नको म्हणत होती, पण पुंडलिकरावांनी मला टोपलीत घातलं, वर कापड बांधलं आणि बंडी जुंपून नदीपलीकडच्या एका विहिरीजवळ सोडून दिलं. जाताना त्यांनी मागे पाहिलं नाही. माझ्या गुडघ्यांना नदीपर्यंतही चालवत नव्हतं. पाच दिवस मी विहिरीच्या थाळण्यात, म्हणजे मोट रिकामी होते त्या कुंडात, साचलेलं पाणी प्यायले आणि सरडे धरायचा प्रयत्न केला. सरडे माझ्यापेक्षा तरुण होते.

घरी काय झालं ते मला नंतर ऐकायला मिळालं. मी गेले आणि पुरळ दुप्पट झालं. माझं रक्त मिळेना, म्हणून उपाशी पिसवा कोकिळेवर तुटून पडल्या होत्या. पण हे घरात कोणाला ठाऊक नव्हतं. भागीरथाबाई म्हणाल्या, खरूज मुरली आहे, बंडूजींना बोलवा.

कोकिळेने बंडूजींना बोलावलं नाही. मी जिथे निजत असे तिथे पोत्यावर काळे बारीक कण सांडले होते. तिने ते ओल्या पांढऱ्या खादीच्या फडक्यावर टिपले. काजळी असती तर फडकं काळं झालं असतं. कणांभोवती तांबडे डाग पसरले. ते रक्त होतं, पिसवांनी पिऊन विष्ठेतून बाहेर टाकलेलं. तिने फडकं वडिलांसमोर धरलं.

"बाबा, मांजर जाऊन पाच दिस झाले. मंग आता कोण चावून राह्यलं मले?"

पुंडलिकरावांनी फडकं दारातल्या उजेडात नेऊन पाहिलं. मग म्हणाले, "पोतं पेरणीपर्यंत हालत नाई या घरात."

"नाई हालत तर नको हालू दे. मी उद्याच्या मोटारीनं आर्वीले वापस जातो. बाळंतपण तिथंच होईन."

पहिलटकरीण लेक माहेरून परत गेली, हे गावाला काय सांगणार? दुपारी सहाही पोती अंगणात उन्हात आली. खालची धूळ झाडली तेव्हा तिच्यात पिसवांच्या अळ्या वळवळत होत्या. खोली दोनदा सारवली.

संध्याकाळी विहिरीजवळ बंडी थांबली. मी झुडपाखालून उठले नाही. मला राग आला होता, आणि खरं म्हणजे उठताही येत नव्हतं. पुंडलिकराव वाकले, आयुष्यात पहिल्यांदा माझ्या पोटावरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "चाल, भुरे. पोते हालवले म्या."

कोकिळा रोज बारीक फणीने माझी पाठ विंचरते. तिला मुलगी झाली आहे आणि तिच्या अंगावर एकही चावा नाही. बियाणं जसं दर वर्षी उगवतं तसंच उगवलं. माझ्या पोटावर लव आली आहे. उजव्या गुडघ्यावरचा गोल चट्टा मात्र तसाच आहे, कारण तो दुखतो आणि मी चाटते. कोकिळेने तो दाबून पाहिला, मी ओरडले, आणि तिने तिथे काहीही लावलं नाही. फक्त बाजेशी एक वीट ठेवली, मला चढता यावं म्हणून.

मित्रांनो, तुमच्या घरचं म्हातारं मांजर अंग चाटून उघडं करत असेल, तर कृपा करून औषधाची वाटी आणायला धावू नका. त्याच्याजवळ खाली बसा आणि आधी त्याच्या अंगावरून हात फिरवा.