साहेबांचं भारदस्त पत्र

चष्म्याची भिंगं घासणाऱ्या त्या कारखान्यात साहेबांना इंग्रजीची भारी हौस. नुसती हौसच, बरं का. कुठल्याशा जाड पुस्तकातून त्यांनी 'सफाइस इट टु से' उचललं होतं, म्हणजे 'एवढं सांगितलं तरी पुरे', आणि तेव्हापासून एकही पत्र त्याच्यावाचून बाहेर पडत नव्हतं. टाकी गळते, सफाइस इट टु से. ऑफिसातली टायपिस्ट दर वेळी मनातल्या मनात कपाळावर हात मारून घ्यायची. या माणसाला पाकिटावर तिकीट चिकटवायलाही ठेवू नये, असं तिचं स्वच्छ मत होतं.

भिंगं घासणाऱ्या मावशींना लेकीच्या गावी असंच काम मिळत होतं. फक्त इथल्या साहेबांचं शिफारसपत्र हवं होतं. टायपिस्टने मन लावून लिहिलं: अकरा वर्षं काम, सगळ्यात पातळ भिंगं यांच्याच हातची, वर्षाकाठी एखादं परत आलं तर आलं. साहेबांनी सगळ्यावर लाल रेघ ओढली आणि खाली इंग्रजीत एकच ओळ लिहिली: या इथे कामाला आहेत, एवढं सांगितलं तरी पुरे.

"पाल्हाळ नको," ते म्हणाले. "पत्र कसं भारदस्त पाहिजे!"

वाचणाऱ्याला वाटणार, बाईंनी काहीतरी दिवे लावलेत आणि हे सभ्यपणे झाकताहेत. टायपिस्टला ते लख्ख कळलं. सांगायचं तोंडापर्यंत आलंही. पण साहेबांची सही एकमेकांना दाखवत खो खो हसणारी त्या नव्या कारखान्यातली माणसं तिच्या डोळ्यांपुढे आली. होऊ दे एकदा शोभा! तिने ओळ जशीच्या तशी टाइप केली आणि वर म्हणाली, "वा, साहेब!"

तीन आठवड्यांनी मावशी तिच्या टेबलापाशी आल्या.

"नाही म्हणाले, ताई. तुम्ही तिथे असं काय केलंत, विचारत होते. काहीच नाही म्हटलं, तर एकमेकांकडे बघायला लागले. मला काय, इंग्रजी वाचता येत नाही. पण तुम्ही वाचलं होतंत ना?"

"हो."

"आणि कळलं होतं?"

"कळलं होतं."

मावशींनी तिच्याकडे नीट पाहिलं, "बरं," म्हणाल्या आणि आपल्या भिंगं घासायच्या चाकाकडे निघून गेल्या.

आतून साहेबांनी नव्या पत्रासाठी हाक मारली. टायपिस्टला जागेवरून उठवेना. तिला स्वतःची किळस आली. साहेबांना निदान कळत तरी नव्हतं.