लेथच्या पोटातला नैवेद्य

बदनापुरात स्टेशनरोडला रामरावांचं लेथ मशीन कुरकुरू लागलं आणि खापर फुटलं सुनेच्या डोक्यावर. दुसरीकडं कुठं फुटणार? मुलगा बबलू रोज सकाळच्या गाडीनं जालन्याला कंपनीत जायचा, रामरावांचे गुडघे कामातून गेलेले, अन् पत्र्याच्या दुकानात मशीनवर उभी राहायची ती साधना. आयटीआयची टर्नर. पंपाचे शाफ्ट, ट्रॅक्टरच्या पिना दसऱ्यापासून तीच कातत होती.

"बाईचा हात लागला अन् मशीन रडाया लागलं," रामराव येईल त्याला सांगायचे. चहावाल्याला सांगितलं, शाफ्ट न्यायला आलेल्या शेतकऱ्याला सांगितलं, एकदा तर राँग नंबर लागला त्यालाही सांगितलं.

सासऱ्याला सांगून सांगून साधनाची जीभ झिजली होती. "मामा, गिअरबॉक्सचं तेल बदलावं लागंल."

"तेल काय लुगडं हाय का बदलायला? कमी झालं की वरून पाजायचं. अकरा वर्षं पाजून राह्यलो."

वा रे डॉक्टर!

मंगळवारी तर म्हाताऱ्यानं कहरच केला. मशीन विकायला घनसावंगीचं गिऱ्हाईक ठरवून टाकलं. "उद्या चारला येऊन राह्यलेत. ज्याच्या घरी पुरुष माणूस मशीनवर हुबा राहतो, त्यानं न्यावं." सौदा झाल्यावर तोंड गोड करायला पावशेर पेढेसुद्धा आणून ठेवले.

लेथ गेलं म्हणजे साधना गॅसपुढं अन् तिचं सर्टिफिकेट पेटीत, कायमचं. बुधवारी बबलू गाडीला गेला तशी तिनं ओढणी कमरेला आवळली आणि गल्लीतून याकूबचाचांना बोलावून आणलं. चाचांनी चाळीस वर्षं लेथवर काढली होती. रामराव कुणाचंच ऐकत नसत, चाचांचं तेवढं ऐकून घेत.

चाचांनी मशीन सुरू करून गिअरबॉक्सच्या झाकणाला कान लावला. "रामराव, याच्या पोटात जरूर कायतरी हाय. पोरी, खोल."

तेल गरम होऊन पातळ व्हावं म्हणून साधनानं मशीन दहा मिनिटं नुसतं फिरवलं. मग मेन स्विच बंद केला, खाली तसराळं ठेवलं अन् पान्यानं तळाचा नट सोडला. तेल यावं तर कसचं काय! थेंब नाही. तार घालून ढोसलं तेव्हा काळा लगदा भदकन पडला, आणि असा वास सुटला की चाचांनी नाकाला रुमाल लावला. नासक्या दुधाचा वास. मशीनच्या तेलाला दुधाचा वास यायचं कारण काय?

तिनं वरचं झाकण काढलं. आत झेंडूच्या पाकळ्या. अक्षतांचे तांदूळ. गिअरच्या दातांत लिंपून बसलेला पिवळा राडा. जुन्या स्पीकरचं लोहचुंबक तारेला बांधून तळाशी फिरवलं, तर टक्कन एक रुपया चिकटून वर आला.

रामराव छताचे पत्रे मोजायला लागले.

"मामा, हे आत कसं गेलं?"

"खंडेनवमीचा नैवेद्य हाय त्यो."

"नैवेद्य मशीनपुढं ठेवतेत!"

"पुढं ठेवला की उंदरं खातेत. म्हणून म्या तेलाच्या भोकातून डायरेक्ट पोटात. दर साली एक पेढा."

"एकेका पेढ्यानं एवढा राडा?"

म्हाताऱ्याचा आवाज खाली आला. "औंदा पाच टाकले. वर रुपया. तू हुबी राहणार होतीस न्हवं. बोट-बिट गेलं तं? मशीनला म्हणलं, पोरीला सांभाळ बाबा."

"अजून एक दसरा झाला असता तं मशीनला शुगर झाली असती," चाचा म्हणाले.

हसावं की बोंब मारावी, साधनाला कळेना. ज्या हातावरून दोन महिने टोमणे खाल्ले, त्याच हातासाठी या माणसानं मशीनला घशापर्यंत पेढे चारले होते. तिनं गिअरबॉक्स दोनदा डिझेलनं धुतला, जुन्या टूथब्रशनं दातन् दात घासला, नवा वायसर घालून नट आवळला आणि तेलाची पातळी दाखवणाऱ्या काचेच्या डोळ्यात निम्म्यावर दिसेस्तोवर नवं तेल ओतलं. स्विच दाबला.

मशीन फिरलं. कुरकूर नाही, खडखड नाही. पंख्याचा आवाज त्याच्यापेक्षा जास्त होता.

रामराव असे खूश झाले की सगळं विसरले. पुड्यातून पेढा काढला, डोळे मिटले, मशीनला हात जोडले आणि सवयीनं बोटं चालली तेलाच्या भोकाकडं.

"मामा!" साधनानं भोकावर हात दाबून धरला.

म्हातारा ओशाळला. त्या काळ्या, तेलकट हाताकडं बघत राहिला. मग म्हणाला, "हात कर." आणि पेढा तिच्या तळव्यावर ठेवला. "खा मंग तूच. नैवेद्य कुठंतरी पोचायला पाहिजे."

तिनं अख्खा तोंडात टाकला. डिझेलचा वास येत होता, पण गोड होता.

तेवढ्यात फोन वाजला. घनसावंगीचं गिऱ्हाईक. निघू का, विचारत होतं.

"येऊ नका," रामराव म्हणाले. "मशीन खाली न्हाई. माणूस हुबं हाय त्याच्यावर."