नदीत उतरलेली बाई

नीलिमाला सिनेमाचं वेड लहानपणापासूनचं. उल्हासनगरच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये कानाला हेडफोन लावून बसणारी ही बाई, कुठल्या साली कोणाला पुरस्कार मिळाला आणि कोणाचा हुकला, हे झोपेतून उठवून विचारलं तरी सांगायची. त्यातून 'पैलपाणी'चा विषय निघाला की तिची मान ताठ व्हायची. तो चित्रपट बदलापूरला, ती राहायची त्या मांजर्ली भागातल्या नदीवर घेतला होता. नायिका मालिनी राजे वासरू खांद्यावर घेऊन छातीभर पाण्यातून नदी ओलांडते, तेवढ्या एका प्रसंगावर तिने त्या वर्षीचा पुरस्कार खेचून आणला, असं नीलिमा छातीठोकपणे सांगायची.

त्र्याण्णव साली 'पैलपाणी'ला पंचवीस वर्षं झाली. पेपरात चार ओळीसुद्धा आल्या नाहीत. नीलिमा भडकलीच.

"मुंबईवाले विसरले तर विसरू देत. आपण बदलापूरवाले करू रौप्यमहोत्सव!"

उल्हासनगरच्या परसराम सेठच्या व्हिडिओ लायब्ररीतून तिने कॅसेट आणली. "दीदी, ब्लॅक अँड व्हाइट पिक्चर आता कोण बघतंय?" सेठ म्हणाला. "तुम्ही या, मग बघा कोण बघतंय ते," असं म्हणून ती निघाली. रविवारी दुपारी सगळी बिल्डिंग तिच्या हॉलमध्ये जमली. नवरा श्यामकांत अंबरनाथच्या कारखान्यात ऑफिसर. त्याला सिनेमातलं काही कळत नसे, पण चहाचं काम त्याने आपणहून अंगावर घेतलं.

नदीचा प्रसंग येणार, तेवढ्यात ठमाबाई दारात आली. गावातली, घरची भाजी विकणारी बाई. वालाच्या शेंगांची पाटी उतरवून ती उंबऱ्याशीच टेकली आणि टीव्हीकडे बघायला लागली.

"आता बघा, पुरस्कार का मिळाला ते!" नीलिमाने सगळ्यांना गप्प केलं.

"अगो बाय!" ठमाबाई एकदम ओरडली. "यो तं आमचा वासरू!"

सगळे हसले. ठमाबाई मात्र उठून पार टीव्हीजवळ आली.

"हसताव काय? ती मीच हाय. त्या बायला पान्याचा भ्याव वाटला. मंग तिचा लुगडा मना नेसवला. आता बगा, वासरू लाथ मारल, न मी त्याला या खांद्यावर घेईन."

पडद्यावरच्या बाईने वासरू डाव्या खांद्यावरून उजव्यावर घेतलं.

नीलिमाने कॅसेट मागे घेतली. पुन्हा लावली. इतक्या वेळा पाहिलं होतं, पण नदीतल्या बाईचा चेहरा एकदाही समोरून दिसत नाही, हे तिच्या कधी ध्यानातच आलं नव्हतं. पाण्याचा जोर आला की किंचित वाकडी होऊन पाय रोवणारी ती चाल... ही चाल ती रोज जिन्यावर बघत होती, डोक्यावर पाटी असताना. क्षणभर तिला वाईट वाटलं, आपल्या लाडक्या नायिकेचं काहीतरी हिरावून घेतल्यासारखं. आणि मग अंगावर सर्रकन काटा आला.

"ठमाबाई, इतकी वर्षं बोलली नाहीस कधी?"

"कोनी इचारलाच नाय. न सिनेमा मी बगलाय कवा? आज पयल्यांदा बगते."

दुसऱ्या दिवशी ड्यूटी संपल्यावर नीलिमा थेट परसराम सेठकडे गेली. उल्हासनगरमधलं एक थिएटर त्याच्या मेहुण्याचं होतं. "एक मॉर्निंग शो द्या. हॉल भरायचं माझ्याकडे लागलं. आणि बाहेरच्या बोर्डावर हिरो-हिरॉइन नको. नदीतली ही ठमाबाई पाहिजे."

सेठने आधी कपाळाला हात लावला. पण सगळी हकिगत ऐकल्यावर त्याचाच आवाज चढला. "दीदी, ये तो बहुत बडी बात है! प्रिंट मी मागवतो, बोर्ड पण मीच बनवतो."

शोच्या सकाळी ठमाबाई दोन टेम्पो भरून गाव घेऊन आली. थिएटरवर बाळा पेंटरने रंगवलेला भलाथोरला बोर्ड होता: खवळलेली नदी, खांद्यावर वासरू, आणि लालभडक लुगड्यातली तरणी ठमाबाई. खाली ठळक अक्षरांत तिचं नाव. आख्खा गाव माना वर करून बघत राहिला. श्यामकांतने हळूच नीलिमाच्या खांद्यावर हात ठेवला. "एवढ्या वर्षांत तुझ्या सिनेमातलं हे मला पहिल्यांदा कळलं बघ," तो म्हणाला.

ठमाबाईने मात्र बोर्ड वरपासून खालपर्यंत न्याहाळला आणि मान हलवली.

"लुगडा हिरवा व्हता."

बाळा पेंटर गडबडला. "मावशी, पिक्चर ब्लॅक अँड व्हाइट. मला कसं कळणार?"

"मना म्हाईत हाय ना! नेसलेली कोन?"

बाळा मुकाट्याने हिरव्या रंगाचा डबा घेऊन शिडीवर चढला. शो थांबवून ठेवला होता. नीलिमाने खाली शिडी घट्ट धरली आणि वरून हिरवे थेंब तिच्या नव्या साडीवर पडत राहिले. तिने ते पुसले नाहीत.

आत नदीचा प्रसंग आला तेव्हा शिट्ट्यांनी छप्पर उडायचं बाकी राहिलं. शो सुटल्यावर स्थानिक साप्ताहिकाचा एक वार्ताहर पुढे आला. "आजी, पुरस्कार तुम्हाला मिळायला हवा होता, असं वाटतं का?"

"मना कशाला?" ठमाबाई म्हणाली. "ता वासरू सादा नव्हता. मोठी झाल्यावर तिच्या दुधावं माजी पाच पोरा वाढली. तिचा नाव कपिला. ता लिवा."

नीलिमाने वार्ताहराच्या वहीत वाकून बघितलं. "लिहिलंत ना? कपिला."